नकली रुग्ण, खरा धडा: डॉक्टर निदान करायला नेमके कसे शिकतात?

दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप. ही तक्रार घेऊन नोव्हेंबर २०१४ ते ऑगस्ट २०१५ या काळात काही माणसं मुंबई आणि पाटण्यातल्या खासगी दवाखान्यांत जात होती. त्यांनी फी भरली, डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, औषधांची चिठ्ठी घेतली आणि बाहेर पडली. या २४ जणांना प्रत्यक्षात तो आजार नव्हता. संशोधकांनी शिकवून तयार केलेले ते ‘नकली रुग्ण’ होते आणि डॉक्टरांना त्याची कल्पना नव्हती.

१,२०३ दवाखान्यांतल्या अशा २,६०२ भेटींचा अभ्यास २०१८ साली ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९५९ भेटींत, म्हणजे साधारण ३७ टक्के वेळा, रुग्णाला योग्य वाट दाखवली गेली. योग्य वाट म्हणजे काही अवघड नाही. दोन-तीन आठवडे खोकणाऱ्या माणसाला थुंकीची तपासणी किंवा छातीचा एक्स-रे करायला सांगणं, नाहीतर टीबीच्या केंद्राकडे पाठवणं. बाकीच्या भेटींत तसं झालं नाही.

या दवाखान्यांत एमबीबीएस डॉक्टर होते, आयुष पदवीधर होते आणि इतरही होते. टीबी हा आजार माहीत नाही असा डॉक्टर मुंबईत सापडणं कठीण. मग अडलं कुठे? समोरचा खोकला टीबीचा असू शकतो हा विचार त्या क्षणी मनात येणं आणि त्यानुसार पुढचं पाऊल टाकणं, इथे अडलं. वैद्यकीय शिक्षणात या कौशल्याला ‘क्लिनिकल रीझनिंग’ म्हणतात. ते शिकवण्यासाठी जगभर सिम्युलेशनचा, म्हणजे खऱ्या रुग्णाआधीच्या रंगीत तालमीचा, वापर होतो. ही तालीम कशी चालते, तिचा उपयोग किती आणि ती कुठे कमी पडते, ते पाहू.

क्लिनिकल रीझनिंग म्हणजे काय?

सोप्या शब्दांत, रुग्णाच्या तक्रारीपासून निदान आणि उपचारापर्यंत पोचताना डॉक्टर किंवा नर्सच्या डोक्यात चालणारा विचार. काय विचारायचं, काय तपासायचं, कोणती शक्यता धरून ठेवायची, कोणती सोडायची आणि कुठल्या टप्प्यावर थांबून निर्णय घ्यायचा, हे सगळं त्यात येतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, जुलै महिना आहे. दिंडोशीच्या संतोषनगरमधला ३४ वर्षांचा एक डिलिव्हरी बॉय तीन दिवसांचा ताप आणि अंगदुखी घेऊन गल्लीतल्या दवाखान्यात आला आहे. मुंबईच्या पावसाळ्यात हा मलेरिया असू शकतो, डेंग्यू असू शकतो, लेप्टोस्पायरोसिस असू शकतो किंवा साधा व्हायरल ताप असू शकतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत चौघांचे चेहरे बरेच सारखे दिसतात.

फरक पडतो तो प्रश्नांनी. थंडी वाजून, हुडहुडी भरून ताप येतो का? डोळ्यांच्या मागे दुखतं का, अंगावर पुरळ आहे का? पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल झालेत का, लघवी कमी झाली का? आणि लेप्टोसाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: गेल्या काही दिवसांत साचलेल्या पाण्यातून चालत गेलात का, पायाला जखम होती का? लेप्टोचे जंतू उंदीर आणि इतर प्राण्यांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने हा आजार मोठ्या प्रमाणावर पाहिला. वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर तो बरा होतो. उशीर झाला तर किडनी, लिव्हर आणि फुफ्फुसांवर बेततो.

पाण्याचा प्रश्न विचारायला अर्धं मिनिटही लागत नाही. पण तो आठवावा लागतो, आणि दवाखान्याबाहेर वीस माणसं ताटकळत असताना आठवावा लागतो.

हे पुस्तकातून का शिकता येत नाही?

पुस्तकात प्रकरणाचं नाव आधी येतं आणि लक्षणं नंतर. ‘लेप्टोस्पायरोसिस’ असा मथळा वाचल्यावर पुढची यादी पाठ करता येते. रुग्ण मात्र मथळा घेऊन येत नाही. तो लक्षणं सांगतो, तीही आपल्या शब्दांत, मागची पुढे आणि पुढची मागे. निम्म्या गोष्टी त्याला महत्त्वाच्या वाटत नाहीत म्हणून तो सांगतही नाही.

डॉक्टर निदान कसं करतात याचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात झाला. आर्थर एल्स्टिन आणि सहकाऱ्यांनी त्यावरचं पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध केलं. त्यांनीही रुग्णाची भूमिका करणारे कलाकार वापरले आणि अनुभवी डॉक्टरांना मोठ्याने विचार करत काम करायला सांगितलं. अपेक्षा अशी होती की निष्णात डॉक्टरांची विचार करण्याची काहीतरी खास पद्धत सापडेल. तशी पद्धत सापडली नाही. सगळेच डॉक्टर सुरुवातीच्या काही मिनिटांतच दोन-चार शक्यता मनात धरत होते आणि मग त्या तपासून पाहत होते. शिवाय एका केसमध्ये उत्तम ठरलेला डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये उत्तम ठरेलच असं नव्हतं.

या निष्कर्षाचा शिकवण्यावर मोठा परिणाम झाला. ‘विचार कसा करावा’ यावर एक व्याख्यान देऊन काम भागत नाही. हृदयविकारात मुरलेला डॉक्टर त्वचेच्या आजारात नवखा असू शकतो. कौशल्य त्या-त्या प्रकारचे अनेक रुग्ण पाहून, एकेका आजाराची जणू पटकथा मनात तयार होऊन येतं. हा आजार कोणाला होतो, कसा सुरू होतो, पुढे कोणतं वळण घेतो, हे सगळं त्या पटकथेत असतं. अनुभवी डॉक्टर समोरचा माणूस पाहून ती पटकथा चटकन ओळखतो.

पूर्वी हा अनुभव वॉर्डातल्या राउंडवर मिळायचा आणि आजही मिळतो. पण वॉर्डात काय दिसेल हे नशिबावर असतं. एखाद्या विद्यार्थ्याला इंटर्नशिपमध्ये लेप्टोचे दहा रुग्ण दिसतील, दुसऱ्याला एकही नाही. शिवाय तिथे चूक झाली तर तिची किंमत रुग्ण मोजतो. सिम्युलेशनची गरज या दोन अडचणींतून निर्माण झाली.

सिम्युलेशन कशाकशाला म्हणतात?

पहिला प्रकार पुतळ्यांचा. १९६० साली नॉर्वेतले खेळणी बनवणारे उद्योजक आस्मुंद लार्डाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रेसुसी अ‍ॅन’ नावाचा पुतळा बाजारात आणला. आजही सीपीआरच्या प्रशिक्षणात तिच्या पुढच्या आवृत्त्या दिसतात. आताच्या महागड्या पुतळ्यांना नाडी असते, श्वासाचे आवाज असतात आणि शेजारच्या खोलीतून त्यांचं ब्लडप्रेशर खालीवर करता येतं.

दुसरा प्रकार माणसांचा. १९६३ साली लॉस एंजेलिसमधले मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका स्त्रीला मज्जासंस्थेच्या रुग्णाची भूमिका शिकवली आणि विद्यार्थ्यांना तिची तपासणी करायला लावली. नटांना घेऊन वैद्यकशास्त्र शिकवायचं, याची तेव्हा चेष्टाच झाली. पण कल्पना टिकली. अशा व्यक्तींना आता ‘प्रमाणित रुग्ण’ म्हणतात, कारण प्रत्येक विद्यार्थ्यासमोर ते तीच कहाणी त्याच पद्धतीने मांडतात. १९७५ साली डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन यांनी परीक्षेची जी टेबलाटेबलांवरची पद्धत मांडली, तिच्यातही असे रुग्ण वापरले जातात. आपल्याकडचे एमबीबीएसचे विद्यार्थी तिला ‘ऑस्की’ म्हणून ओळखतात.

तिसरा प्रकार संगणकावरच्या किंवा कागदावरच्या केसचा. तक्रार दिसते, विद्यार्थी प्रश्न निवडतो, रिपोर्ट येतात आणि पुढचा निर्णय त्याने घ्यायचा असतो.

एक तालीम कशी चालते?

आपला तो डिलिव्हरी बॉय पुन्हा आठवू. समजा, त्याची भूमिका एक कलाकार करतो आहे. त्याला सूचना अशी आहे की पाण्यातून चालल्याचं विचारल्याशिवाय सांगायचं नाही. एक विद्यार्थिनी डॉक्टर आहे, एक जण नर्सच्या भूमिकेत आहे आणि बाकीचे काचेपलीकडून पाहत आहेत.

विद्यार्थिनी तापाचे दिवस विचारते, डेंग्यूची तपासणी लिहून देते. रिपोर्ट निगेटिव्ह येतो. ती म्हणते, ‘व्हायरल दिसतोय, पॅरासिटामॉल घ्या.’ तेवढ्यात नर्स सांगते की ब्लडप्रेशर ९० वर ६० आहे. रुग्ण म्हणतो, ‘सकाळपासून लघवीला झालंच नाही.’ इथे दहा मिनिटं संपतात.

खरं शिकणं यानंतर सुरू होतं. या चर्चेला ‘डिब्रीफिंग’ म्हणतात. बाई विचारतात, ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा तुझ्या मनात काय होतं?’ विद्यार्थिनी म्हणते, ‘मॅडम, डेंग्यू नाही म्हटल्यावर मी सुटले असं वाटलं.’ बाई पुढे विचारतात, ‘डेंग्यू नाही म्हणजे व्हायरलच, हे कशावरून ठरवलंस? आणखी कोणते तीन ताप शक्य होते?’ मग फळ्यावर यादी होते. कोणता प्रश्न कोणत्या शक्यतेला जवळ आणतो, कोणता दूर नेतो, हे सगळे मिळून मांडतात. काही दिवसांनी तीच विद्यार्थिनी वेगळ्या तापाची केस करते आणि तिथे निदान वेगळं निघतं.

या चर्चेचा सूर महत्त्वाचा. ‘तुला एवढंही कळलं नाही?’ म्हटलं की विद्यार्थी गप्प होतो आणि त्याच्या मनातला चुकलेला दुवा मनातच राहतो. ‘छान केलंस’ म्हणून सोडून दिलं तरी तेच होतं. अमेरिकेतल्या जेनी रुडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मधला मार्ग मांडला: शिक्षकाने आपल्याला काय खटकलं ते स्पष्ट सांगायचं आणि त्यामागे विद्यार्थ्याचा काय विचार होता ते खऱ्या कुतूहलाने विचारायचं.

संशोधन काय सांगतं?

डेव्हिड कुक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ‘जामा’ या नियतकालिकात ६०९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. तंत्रज्ञानावर आधारलेल्या सिम्युलेशनची तुलना ‘काहीच प्रशिक्षण नाही’ याच्याशी केली, तेव्हा ज्ञान, कौशल्य आणि वागणुकीत मोठी सुधारणा दिसली. प्रत्यक्ष रुग्णांना झालेला फायदा मध्यम होता. म्हणजे तालमीतलं यश जसंच्या तसं वॉर्डात उतरत नाही, पण काही प्रमाणात नक्की उतरतं.

नर्सिंगबद्दल एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झाला. दहा नर्सिंग अभ्यासक्रमांतल्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाचं प्रशिक्षण नेहमीसारखं रुग्णालयात झालं. दुसऱ्या गटाच्या २५ टक्के आणि तिसऱ्याच्या ५० टक्के तासांऐवजी सिम्युलेशन दिलं गेलं. शेवटी तिन्ही गट परवाना परीक्षेत आणि कामाच्या मूल्यमापनात सारखेच ठरले. अट एवढीच की शिकवणारे प्रशिक्षित होते आणि प्रत्येक तालमीनंतर नीट चर्चा होत होती.

निदानातल्या घाईबद्दल नेदरलँड्समध्ये सिल्व्हिया मामेडे आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० साली आला. निवासी डॉक्टरांना आधी काही केस दाखवल्या आणि मग दिसायला तशाच, पण निदान वेगळं असलेल्या केस दिल्या. दुसऱ्या वर्षाचे डॉक्टर नुकत्याच पाहिलेल्या आजाराकडे ओढले गेले आणि त्यांचं निदान चुकलं. मात्र त्यांना थांबून ‘या निदानाच्या बाजूने काय आहे, विरुद्ध काय आहे, दुसरं काय असू शकतं’ असं लिहायला लावल्यावर निदान सुधारलं. डेंग्यूची लाट आली की प्रत्येक ताप डेंग्यू वाटू लागतो, ते याच कारणाने.

महाग पुतळा लागतोच का?

दिंडोशीच्या शेजारी दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. तिथल्या सेटवरचं पोलीस ठाणं प्लायवूडचं असतं, पण प्रसंग नीट लिहिलेला आणि नीट वठवलेला असेल तर पडद्यावर ते खरं वाटतं. सिम्युलेशनबद्दलचं संशोधन असंच काहीसं सांगतं. जेफ्री नॉर्मन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली साध्या आणि महागड्या साधनांची तुलना करणारे अभ्यास तपासले. महागड्या साधनांमुळे शिकणं फारसं वाढत नाही, असं त्यांना आढळलं.

निदानाचा विचार शिकवताना तर हे अधिकच लागू होतं. नीट लिहिलेली केस, भूमिका समजलेला माणूस आणि चर्चा चालवता येणारा शिक्षक एवढं असेल तर एका साध्या खोलीतही तालीम होते. अवघड भाग खरेदीचा नाही. शिक्षकांना वेळ देणं आणि भरपूर, वेगवेगळ्या केस लिहिणं, हा अवघड भाग आहे.

माहीत असणं आणि करणं

मुंबईच्या अभ्यासाआधी तसाच प्रयोग २०१४ साली दिल्लीत झाला होता. तिथे २५० भेटींपैकी ५२, म्हणजे २१ टक्के, योग्य ठरल्या. त्याच डॉक्टरांना कागदावर केस दिल्यावर मात्र त्यांची उत्तरं बरीच चांगली होती. म्हणजे ज्ञान होतं, प्रत्यक्ष दवाखान्यात ते वापरलं गेलं नाही.

दिल्ली, मुंबई आणि पाटण्यातल्या मेडिकल दुकानांवरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नकली रुग्ण फक्त खोकला-ताप सांगत गेला, तेव्हा १३ टक्के वेळा दुकानदाराने अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड न देता त्याला डॉक्टरकडे पाठवलं. टीबीचा रिपोर्ट हातात असलेला रुग्ण गेला, तेव्हा हे प्रमाण ६२ टक्के झालं. आजाराचं नाव समोर आलं की माणसं बरोबर वागतात. नाव नसतं तेव्हा ते शोधणं हेच कठीण काम असतं.

प्रशिक्षणाने हे किती बदलतं? पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात पदवी नसलेल्या गावठी डॉक्टरांना नऊ महिने प्रशिक्षण दिलं आणि नकली रुग्ण पाठवून त्याचा परिणाम मोजला. २०१६ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या या अभ्यासात योग्य उपचारांचं प्रमाण ७.९ टक्के अंकांनी वाढलं. गरज नसताना अँटिबायोटिक देण्याची सवय मात्र कमी झाली नाही. त्या सवयीमागे अज्ञानाखेरीज रुग्णाची अपेक्षा, धंद्याचं गणित आणि वेळेची टंचाईही असू शकते. त्यावर तालीम हा एकटा उपाय पुरा पडत नाही.

महाराष्ट्रात काय चाललं आहे?

एमबीबीएसचा नवा, क्षमतांवर आधारलेला अभ्यासक्रम २०१९ पासून देशभर लागू झाला. त्यानुसार प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात स्किल लॅब असणं बंधनकारक आहे. केईएम, सायन, नायर आणि कूपर या मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांनाही हा नियम लागू होतो. यातलं कूपर, म्हणजे विलेपार्ल्याचं रुग्णालय, दिंडोशीकरांना सगळ्यात जवळचं. तिथलं महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झालं.

लॅब मात्र दोन गोष्टींसाठी वापरता येते. टाके घालणं, सलाइन लावणं, नळी घालणं ही हाताची कामं एक. आणि निदानाचा विचार दुसरी. पहिली शिकवायला सोपी, कारण टाका नीट पडला की नाही ते दिसतं. विचार दिसत नाही, तो बोलून दाखवावा लागतो. म्हणून एखाद्या स्किल लॅबकडे पाहताना पुतळे किती, यापेक्षा तिथे किती केस केल्या जातात आणि प्रत्येक केसनंतर किती वेळ चर्चा होते, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

रुग्ण म्हणून आपण काय करू शकतो?

डॉक्टरांचा विचार आपण दिलेल्या माहितीवर चालतो. म्हणून दवाखान्यात जाताना एवढं लक्षात ठेवा:

- त्रास कधी सुरू झाला ते दिवस मोजून सांगा. ‘बरेच दिवस’ यातून काही कळत नाही.
- आधी कोणत्या डॉक्टरकडे गेलात, कोणती औषधं घेतलीत ते सांगा. जुने केसपेपर आणि एक्स-रे सोबत न्या.
- पावसाळ्यात ताप असेल तर पाण्यातून चालल्याचं, पायाच्या जखमेचं विचारलं नाही तरी सांगा.
- घरात किंवा शेजारी कोणाला टीबी झाला असेल तर ते लपवू नका.
- खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकीच्या तपासणीबद्दल स्वतः विचारा. ती सरकारी आणि महापालिकेच्या केंद्रांत मोफत होते.
- औषध घेऊनही बरं वाटलं नाही तर पुन्हा जा आणि विचारा, ‘डॉक्टर, हे दुसरं काही असू शकतं का?’

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं वाटतं. पण वैद्यकीय शिक्षक तालमीनंतर आपल्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न स्वतःला विचारायला लावतात. रुग्णाने तो विचारला तर डॉक्टरांनाही क्षणभर थांबून पुन्हा पाहायची संधी मिळते.